जुन्या मोटारींचे चिरलेले बीड

जुन्या मोटारींच्या कामात मुरलेला कारागीर इंजिनाचा सुटा भाग हाती आला म्हणजे तो प्रथम डोळ्यांनी पाहत नाही, कानांनी पाहतो. भाग दोरीने टांगून किंवा लाकडाच्या तुकड्यावर टेकवून तो लहानशा हातोडीने हलकेच ठोकतो. धडधाकट ओतीव भागाचा नाद पोलादासारखा किणकिणत नसला तरी स्वच्छ असतो, क्षणभर रेंगाळतो. ज्याला कोठेतरी तडा गेलेला आहे तो तडकलेल्या घंटेसारखा बद्द वाजतो. मग कारागीर त्यावर रॉकेल चोळतो, कोरड्या फडक्याने पुसून काढतो आणि वर खडूची पूड भुरभुरवितो. चिरेत शिरलेले रॉकेल हळूहळू वर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर एक ओलसर, काळपट रेघ उमटते. रेघ केसाएवढी असते. पण ऐंशी किंवा शंभर वर्षांच्या मोटारीचे पुढील आयुष्य त्या रेघेवर कोणता उपाय होतो, आणि त्याआधी कोणता अविचार होत नाही, यावर अवलंबून असते.

श्रोतेहो, या रेघेचा विचार करावयाचा तर ती ज्या धातूत उमटते त्याची ओळख आधी करून घेतली पाहिजे. इंग्रजीत त्याला कास्ट आयर्न म्हणतात. मराठीत त्याला बीड असे नेमके नाव आहे. बिडाचा तवा घरोघर असे आणि आजही अनेक घरांत आहे. तो हातातून फरशीवर पडला तर पोचा येत नाही, सरळ दोन तुकडे होतात, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पोलादाचे पत्रे वाकतात, बीड वाकत नाही. याचे कारण त्यातील कर्बात आहे. पोलादात कर्बाचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत, बहुधा एक टक्क्याहूनही कमी असते. बिडात ते अडीच ते चार टक्क्यांपर्यंत जाते. हा जादा कर्ब लोखंडात मुरून राहत नाही. रस थिजू लागला की तो ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. शाळकरी मुलाच्या शिसपेन्सिलीत असते तेच हे ग्रॅफाइट. म्हणूनच बिडाचा ताजा मोडलेला भाग करडा दिसतो व त्यावर बोट फिरविले तर बोट काळे होते.

या पापुद्र्यांनीच बिडाला मोटारीच्या कामात मानाचे स्थान मिळवून दिले. कर्बामुळे बीड साधारण ११५० ते १२०० अंश सेल्सिअसला वितळते; शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात. रस पातळ असतो, साच्याच्या अरुंद कोपऱ्यांत सहज शिरतो. थिजलेले बीड लेथवर सुखाने कापले जाते, आत फिरणाऱ्या दट्ट्याला ग्रॅफाइटचे आपसूक वंगण मिळते, इंजिनाची थरथर ते पोटात घेते. पण प्रत्येक पापुद्रा म्हणजे धातूच्या अंगातली एक जन्मजात लहानशी चीरच असते. दाबाखाली बीड जेवढे टिकते, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढाही ताण त्याला अनेकदा सोसत नाही. ताण आला की पापुद्र्यापासून पापुद्र्यापर्यंत चीर धावत जाते.

हा ताण येतो कोठून? युरोप-अमेरिकेत त्याचा मोठा अपराधी म्हणजे थंडी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. सिलिंडरांभोवती पाणी खेळविण्यासाठी जी पोकळी असते, तीत रात्री पाणी राहून गेले आणि कडाक्याची थंडी पडली, तर सकाळी बिडाच्या भिंतीला बाहेरून आडवी चीर दिसे. त्या काळी शहाणा मालक रात्री गाडी उभी करताना पाणी काढून टाकी, किंवा पाण्यात मद्यार्क मिसळी. ब्लॉकच्या बाजूला जी गोल पत्र्याची बुचे बसविलेली असतात ती अशा वेळी बाहेर फेकली जाऊन ब्लॉकला वाचवितात, असा एक समज मोटारवाल्यांत फार दिवस रुजलेला आहे. वस्तुतः ती भोके ओतकाम झाल्यावर आतील वाळू बाहेर काढण्यासाठी ठेवलेली असतात. बूच निसटून ब्लॉक वाचला तर ते नशीब. त्यावर विसंबणे म्हणजे छत्रीच्या भरवशावर नदी ओलांडण्यासारखे आहे.

दख्खनच्या पठारावर किंवा कोकणात पाणी गोठून ब्लॉक फुटत नाही. येथील घात निराळा. घाट चढताना रेडिएटर उकळतो, वाफेचा फवारा उडतो, आणि घाईला आलेला चालक शेजारच्या ओढ्याचे गार पाणी तापलेल्या इंजिनात ओततो. बाहेरचे बीड एकदम आकसते, आतले अजून फुगलेलेच असते, आणि दोन झडपांच्या बैठकींमधील अरुंद पूल तडकतो. वर्षानुवर्षे विहिरीचे क्षारयुक्त पाणी घातल्याने पोकळीत साठलेले कीट व गंज या कामी मदत करतात, कारण जेथे कीट साठले तेथे पाणी पोहोचत नाही आणि तेवढाच भाग लालबुंद होऊ पाहतो. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डची कथा आणखी वेगळी आहे. तो इतका तापतो व निवतो, पुन्हा तापतो, की बिडाची अंतर्रचनाच हळूहळू पालटते. घटक सुटे होऊन ग्रॅफाइट वाढते आणि भाग किंचित लांबतो, वाकतो. त्याला बोल्टांनी जखडून ठेवलेले असल्याने जागा मिळत नाही, आणि शेवटी चीर जाते. फोर्डच्या मॉडेल टी गाडीचे मॅनिफोल्ड केळ्यासारखे वाकलेले आढळतात ते याच कारणाने. कारण ओळखल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून भिंतीला रंग देणे होय.

मॉडेल टी हे नाव आलेच आहे तर तिच्याकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. १९०८ ते १९२७ या काळात ही गाडी दीड कोटींच्या घरात तयार झाली. तिच्या इंजिनाचे चारही सिलिंडर एकाच ब्लॉकमध्ये ओतलेले होते आणि वरचे झाकण, म्हणजे हेड, सुटे निघत असे. त्या वेळच्या महागड्या गाड्यांतही ही सोय सर्वत्र नव्हती. रोल्स-रॉईसच्या सिल्व्हर घोस्टमध्ये तीन-तीन सिलिंडरांचे दोन गट होते आणि हेड त्यांच्याबरोबरच ओतलेले असे. १९२० च्या दशकातील तीन लिटरच्या बेंटलेचेही तसेच. हैदराबादच्या निजामासाठी बनलेली १९१२ ची सिल्व्हर घोस्ट अद्याप जपून ठेवलेली आहे. अशा इंजिनात तडा सिलिंडराच्या माथ्याशी गेला तर तेथे हात पोचविणे म्हणजे सुरईच्या तळाशी अक्षरे कोरण्यासारखे अवघड. मॉडेल टीच्या बाबतीत हेड काढले की चीर समोर दिसते.

एवढ्या गाड्या झाल्या असताना चिरलेला ब्लॉक फेकून दुसरा का बसवू नये, असे कोणीही विचारील. पण मॉडेल टीचा क्रमांक तिच्या सांगाड्यावर नव्हे, तर ब्लॉकवर, डाव्या बाजूस पाणी आत येण्याच्या तोंडाच्या वर कोरलेला असे. बहुतेक वर्षांतील गाड्यांची ओळख पटविणारे दुसरे काही नव्हते. ती गाडी कोणत्या वर्षी व कोणत्या सुमारास बाहेर पडली हे त्या आकड्यांवरून सांगता येते. ब्लॉक भंगारात गेला की गाडीचे जन्मपत्रच भंगारात जाते. दुसऱ्या गाडीचा ब्लॉक बसविला तर गाडी चालू लागेल खरी, पण ती दुसऱ्याच्या नावाने चालेल. यामुळेच जाणते लोक, पर्यायी ब्लॉक हाताशी असतानाही, प्रथम चिरलेल्या ब्लॉकच्या दुरुस्तीचा विचार करतात.

दुरुस्ती म्हटली की बहुतेकांना वेल्डिंग आठवते, आणि बहुतेक नाशही तेथेच होतो. पोलादाला वेल्डिंग करणारा मनुष्य सवयीने बिडावर साधी पोलादी कांडी चालवितो. जोड सुरेख दिसतो. कांडीच्या ज्वालेपाशी बीड क्षणार्धात वितळते आणि सभोवारच्या थंड धातूमुळे तितक्याच झपाट्याने थिजते. कर्बाला पापुद्रे बनण्यास वेळच मिळत नाही. त्याऐवजी काचेसारखा कठीण व ठिसूळ थर तयार होतो. तो कानशीला दाद देत नाही. निवताना जोड आकसतो, बिडाला तो ओढ सोसत नाही, आणि काही वेळाने कार्यशाळेच्या शांततेत ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो. हा आवाज ज्याने एकदा ऐकला तो आयुष्यात विसरत नाही. जुन्या चिरेच्या शेजारी आता नवी चीर असते, आणि त्यांच्यामध्ये धड नसलेला धातू.

बिडाचे वेल्डिंग होत नाही असा मात्र याचा अर्थ नव्हे. चिरेच्या दोन्ही टोकांना लहान भोके पाडून तिची धाव प्रथम थांबवावी लागते. धारेवर खाच कोरून आतले जुने तेल काढावे लागते. पापुद्र्यांच्या सांदींत ते इतके मुरलेले असते की धातू तापविला म्हणजे घाम यावा तसे बाहेर येते. मग संपूर्ण भाग भट्टीत सावकाश ५५० ते ६५० अंशांपर्यंत तापवून, त्या उष्णतेतच बिडाच्या कांडीने जोड भरावा लागतो, आणि शेवटी तो राखेत किंवा चुन्यात पुरून एक-दोन दिवस सावकाश निवू द्यावा लागतो. येथे घाई करणाऱ्याला क्षमा नाही. दुसरी रीत निकेलच्या कांडीची: मूळ भाग फारसा न तापविता एका वेळी इंचभरच जोड घालावयाचा, तो गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने ठोकून ताण मोडावयाचा, आणि हात ठेववेल इतका निवल्यावर पुढचा इंच. निकेल मऊ असल्याने आकसताना थोडे लवते. पितळेच्या डागाने बीड जोडण्याचीही चाल आहे. त्यात बीड वितळत नाही, सुमारे ९०० अंशांवर पितळच वितळून बिडाला धरते, त्यामुळे ठिसूळ थर होत नाही. पाण्याच्या पोकळीच्या बाहेरील चिरेला हा डाग चांगला, परंतु मॅनिफोल्डला देऊ नये. तेथील आचेत पितळाची ताकदच निघून जाते.

या सर्वांहून निराळी आणि विचारी कारागिराला आवडणारी अशी एक रीत आहे. तीत विस्तवाला जागाच नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतील तेलाच्या खाणींवर यंत्रांचे बीड फुटे आणि भोवती तेलाची वाफ असल्याने ज्योत पेटविणे म्हणजे मरणाला बोलावणे होते. तेथे बीड थंड स्थितीत शिवण्याची विद्या वाढली. शिवणे हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. चिरेच्या आडव्या दिशेने एकमेकांना लागून भोके पाडून त्यांची साखळीसारखी खाच करतात; तीत निकेलयुक्त धातूचा त्याच आकाराचा तुकडा ठोकून बसवितात. टाके घातल्याप्रमाणे हे तुकडे दोन्ही काठ धरून ठेवतात. नंतर चिरेच्या लांबीने भोक पाडून त्यात आटे काढतात, आटेदार खिळ पिळून बसवितात, डोके कापतात आणि पुढचे भोक असे पाडतात की ते आधीच्या खिळीला थोडे खाते. अशी खिळांची अखंड रांग चिरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि पाणी झिरपण्यास वाट उरत नाही. साध्या आट्यांचा एक दोष होता: घट्ट पिळली की खीळ दोन्ही काठांना दूर ढकले. पुढे आट्यांना आकड्यासारखे वळण देण्याची युक्ती निघाली, त्यामुळे खीळ काठांना जवळ ओढू लागली. शेवटी कानशीने घासून रंग दिला की कोठे टाका घातला हे सांगणे कठीण. भाग तापलेलाच नसल्याने तो वाकत नाही, मूळ मापे तशीच राहतात, कोरलेला क्रमांकही अबाधित राहतो. वेळ मात्र फार लागतो; वीतभर चिरेला दिवसभराहून जास्त काम पुरते, आणि त्या मजुरीबद्दल घासाघीस करणाऱ्या मालकाने आपल्या गाडीची किंमत ओळखलेली नाही असेच म्हणावे लागेल.

काही भाग मात्र शिवूही नयेत, जोडूही नयेत. चिरलेले फ्लायव्हील, ब्रेकचा ड्रम, चाकाला दिशा देणारी यंत्रणा ज्यात बसते ते बिडाचे घर, यांच्या बाबतीत जुनेपणाचा मोह आवरला पाहिजे. वेगात फिरणारे फ्लायव्हील फुटले तर त्याचे तुकडे तोफेच्या गोळ्यासारखे सुटतात. येथे एकच मार्ग, नवा भाग.

नवा भाग ओतून घेणे ही गोष्ट दिसते तितकी सरळ नाही. पुष्कळांना वाटते की जुना मॅनिफोल्ड वाळूत दाबला, ठसा घेतला, रस ओतला की झाले. पण बीड थिजून निवताना सुमारे एक टक्क्याने आकसते. अर्धा मीटर लांबीच्या जुन्या मॅनिफोल्डचा थेट ठसा घेतला तर नवा भाग पाच मिलिमीटरनी आखूड निघेल, आणि शेवटच्या बोल्टाचे भोक जागेवर येणारच नाही. म्हणून नमुने करणारा सुतार लाकडाचा वेगळा, किंचित मोठा नमुना घडवितो. त्याच्याजवळची मोजपट्टीही वेगळी असते. तीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सुमारे एक अष्टमांश इंचाने मोठा असतो, म्हणजे आकुंचनाचा हिशेब पट्टीतच मुरलेला. ज्या पृष्ठभागांना लेथ लागावयाचा तेथे आणखी दोन-तीन मिलिमीटर धातू राखावा लागतो. आतील पोकळीसाठी वाळूचा गाभा वेगळा करून साच्यात लोंबत ठेवावा लागतो. तो अर्ध्या सुताने सरकला तरी एकीकडची भिंत जाड व दुसरीकडची कागदासारखी होते.

ही विद्या मराठी मुलखाला परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घेण्यास तयार नव्हते, लोखंडाने जमीन नासेल अशी त्यांना धास्ती होती. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज कोल्हापूर आणि बेळगाव हा पट्टा ओतशाळांसाठी देशभर प्रसिद्ध असून मोटारींचे ओतीव भाग तेथून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतात. अशा ओतशाळांचे काम हजारोंच्या संख्येत चालते. पण एखाद्या जुन्या गाडीसाठी एकच मॅनिफोल्ड ओतून द्यावा अशी विनंती घेऊन कोणी आला तर त्याला नमुना करणारा जुना सुतार शोधावा लागतो, आणि असे सुतार कमी होत चालले आहेत.

सुताराची ही उणीव भरून काढणारे साधन अलीकडे हाती आले आहे. १९१४ च्या ४ जुलै रोजी फ्रान्समध्ये ल्यों येथे झालेल्या ग्रां प्री शर्यतीत देलाज कंपनीने साडेचार लिटरच्या तीन गाड्या उतरविल्या होत्या. त्या जातीची एक गाडी ऑस्ट्रेलियात टिकून राहिली, पण तिचा ब्लॉक दुरुस्तीच्या पलीकडे गेला होता. दुसरा ब्लॉक जगात कोठे मागावयाचा? तेथील सीएसआयआरओ या शासकीय संशोधन संस्थेने जुन्या ब्लॉकची बारकाईने मापे घेऊन त्याची संगणकावर प्रतिमा तयार केली. मग लाकडी नमुना न करताच, यंत्राने वाळूचे अत्यंत पातळ थर एकावर एक चिकटवीत थेट साचाच घडविला आणि त्यात बिडाचा नवा ब्लॉक ओतला गेला. शंभर वर्षांपूर्वी हयात असलेला सुतार जे हाताने करीत असे ते येथे यंत्राने केले. आकुंचनाचा एक टक्का मात्र दोघांनाही धरावा लागतो.

अशा वेळी नवा ब्लॉक बसलेली गाडी जुनी म्हणावी की नवी, हा वाद निघतोच. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये ट्यूरिनची सनद स्वीकारली. तिचा कल मूळ वस्तू शक्यतो टिकवून धरण्याकडे आहे. बदललेल्या भागांवर कायमची, सहज ओळखता येईल अशी खूण असावी, असेही ती सांगते. भारतात केंद्र शासनाने २०२१ च्या जुलैमध्ये जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळू शकतो. परंतु सांगाडा, बाहेरील शरीर वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी त्याला अट आहे. तेव्हा आज चिरलेल्या ब्लॉकसमोर उभ्या असलेल्या मालकाला कारागिराइतकाच कागदांचाही विचार करावा लागतो. दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे, चिरेची मापे, टाके कोठे घातले याची टिपणे त्याने ठेवली तर पुढे कोणी शंका घेतल्यास उत्तर देता येते.

नवा भाग ओतूनच घ्यावा लागला तर त्याच्या आतल्या, सहज न दिसणाऱ्या बाजूस ओतल्याचे वर्ष ठळक अंकांत उमटवून घ्यावे. आणि जुना चिरलेला ब्लॉक, त्यावरचा क्रमांक वाचता येतो आहे तोवर, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून, गाडीजवळच एका लाकडी खोक्यात ठेवावा.